दोन सुयांची विद्या

ज्या गांवीं कधीं बर्फ पडत नाहीं, त्या गांवांत लोकरीचे मोजे विणण्याचें शिक्षण कोणी कां घ्यावें, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. रत्नागिरीस पौष-माघांतही पहाटेचा पारा सतरा-अठरा अंशांच्या फारसा खालीं उतरत नाहीं, आणि थंडी म्हणून आम्ही ज्या गोष्टीचें कौतुक करतों तिला घाटावरचे पाहुणे हंसतात. तथापि आमच्या घरांतील एका जुन्या पत्र्याच्या पेटींत चार सुया जपून ठेवलेल्या आहेत. सुया म्हणण्यापुरत्या; वस्तुतः त्या सायकलच्या चाकाच्या तारा असून त्यांचीं टोकें दगडावर घासून गुळगुळीत केलेलीं आहेत. माझ्या मातोश्री १९६२ सालच्या हिवाळ्यांत याच तारांवर विणकाम शिकल्या. त्या तारा हातांत घेतल्या म्हणजे माझ्या मनांत येतें कीं, ही विद्या आपल्याकडे कोठून आली व कोणाच्या हातून आली, हें एकदां जुळवून पाहावें. राजांच्या स्वाऱ्या आणि तहांचीं कलमें यांविषयीं आपण पुष्कळ लिहिलें आहे. घरच्या माणसांच्या बोटांत एखादें कौशल्य कसें उतरलें, याची चौकशी मात्र क्वचितच झाली आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. मराठींत 'विणणें' हें क्रियापद फार उदार आहे. कोष्टी मागावर लुगडें विणतो, सणगर घोंगडी विणतो, बुरूड सूप विणतो, कोळी जाळें विणतो, आणि घरांतील एखादा हौशी म्हातारा बाज विणतो. दोन सुयांवर एकाच अखंड धाग्याचीं घरें उचलून वस्त्र तयार करण्याच्या कृतीलाही आपण तोच शब्द लावला. त्यामुळें ही कृति आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली असावी असा भास होतो. पण तो भासच आहे. मागावरच्या कापडांत उभे धागे ताणलेले असतात व आडवा धागा त्यांतून जातो. सुयांवरच्या विणकामांत उभा नाहीं आणि आडवाही नाहीं. एक घर दुसऱ्या घरांतून ओढून काढावयाचें, आणि त्या घरानें तिसऱ्यास धरावयाचें, एवढाच व्यवहार. असें वस्त्र ओढलें तर ताणतें, सोडलें तर पूर्ववत् होतें, आणि त्याच्या घराघरांत हवा कोंडून राहते. टांचेसारख्या वळणाच्या अवयवावर तें न कापतां, न शिवतां बसतें, याचें कारण हेंच.

कोंकणांतील मनुष्यास लोकर अपरिचित होती असें नव्हे. परंतु त्याची लोकर थंडीसाठीं नव्हती, पावसासाठीं होती. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन भाताच्या खाचरांत वांकलेला शेतकरी हें आपल्याकडील आषाढाचें नेहमींचें चित्र होतें. ती घोंगडी देशावरच्या धनगरांच्या मेंढ्यांची, जाड्याभरड्या लोकरीची आणि मागावर विणलेली. सुयांवरचें काम तींत नव्हतें. आमच्या किनाऱ्यावर सुयांच्या कामाचा जवळचा नातेवाईक शोधावयाचा तर तो कोळ्याच्या जाळ्यांतच सांपडेल. पण तेथेंही एक मोठा भेद आहे. जाळ्याच्या प्रत्येक भोकाला स्वतंत्र गांठ असते. एक भोक फाटलें तरी शेजारचें शाबूत राहतें. विणलेल्या मोज्याला गांठच नसते. एक टाका गळला कीं त्याच्या खालचीं घरें एकामागून एक शिडीसारखीं उसवत जातात. हा भेद पुढें एका वर्गांत कसा उपयोगी पडला, तें यथाक्रम सांगेन.

या विद्येचा उगम हिमप्रदेशांत झाला असेल अशी आपली सहज समजूत असते. इतिहास तसें सांगत नाहीं. दोन सुयांवर विणलेल्या वस्त्रांचे जे जुने नमुने हातीं आले आहेत, त्यांतील कित्येक इजिप्त देशांतील सुती मोज्यांचे आहेत, व ते साधारणतः इसवी सनाच्या अकराव्या ते चौदाव्या शतकांतील मानले जातात. इजिप्त हा कांहीं बर्फाचा देश नव्हे! तेथील मुसलमान कारागिरांकडून ही कला स्पेनमार्गे युरोपांत गेली असें सामान्यतः समजतात. आज नवशिक्या मुलीस पहिल्याच आठवड्यांत शिकवतात तो उलट टाकाही युरोपांत बराच उशिरां दिसतो. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा १५६२ मध्यें वारली, तिच्याबरोबर पुरलेल्या रेशमी मोज्यांत तो आढळतो. त्यानंतर सत्तावीस वर्षांनीं, म्हणजे १५८९ मध्यें, इंग्लंडांत विल्यम ली यानें मोजे विणण्याचें यंत्रही तयार केलें. हातानें विणण्याची परंपरा मात्र यंत्रानें संपली नाहीं. ती शाळांत आणि घरांत शिरली.

हिंदुस्थानांत ती बर्फाच्या मुलखांत कशी पोंचली, याची कथा मला फार उद्बोधक वाटते. रोहतांगच्या खिंडीपलीकडे लाहौलचें खोरें आहे. खिंडीची उंची सुमारें ३,९७८ मीटर. २०२० च्या ऑक्टोबरांत तिच्या खालून नऊ किलोमीटरांचा बोगदा खुला होईपर्यंत हें खोरें दर हिवाळ्यांत कित्येक महिने जगापासून तुटत असे. या खोऱ्यांतील केलांग गांवीं १८५६ मध्यें मोरेव्हियन पंथाच्या जर्मन मिशनऱ्यांनीं ठाणें घातलें. हायडे व पागेल हे त्यांतील पहिले दोघे; तिबेटी भाषेचा कोश करणारे येश्के त्यांना मागाहून मिळाले. १८५९ मध्यें हायडे यांच्याशीं विवाह करण्याकरितां मारिया हार्टमान ही बावीस वर्षांची तरुणी युरोपांतून तेथें आली. तिनें केलांगांत मुलींसाठीं व स्त्रियांसाठीं विणकामाची शाळा चालविली. लाहौलच्या स्त्रिया चातीवर लोकर कांतण्यांत निष्णात होत्या. घरोघरीं मेंढ्यांची लोकर होती, अंगावर जाड लोकरीचे कपडे होते आणि बाहेर कंबरभर बर्फ होतें. तरीही पायांतले मोजे सुयांवर विणावे हें त्यांना कोणीं तरी येऊन शिकवावें लागलें.

आणि शिकविणारी कोठें जन्मलेली? दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम देशांत, पारामारिबो येथें. तिचे मातापिता तेथें मिशनरी होते. तो प्रदेश विषुववृत्ताजवळचा, दमट आणि नारळी-केळींचा. म्हणजे आमच्या कोंकणासारखाच. ती मुलगी शिक्षणासाठीं जर्मनीस गेली, आणि पुढें जवळजवळ चाळीस वर्षें हिमालयाच्या कुशींत राहिली. त्या खोऱ्यांत धर्मांतर फार थोड्यांनीं केलें. मोजे मात्र साऱ्या खोऱ्यानें स्वीकारले. आज लाहौली मोजे आणि हातमोजे हे त्या भागाची खूण म्हणून ओळखले जातात, व त्यांस भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. गरज ही शोधाची जननी असें आपण म्हणतों. येथें गरज हजारों वर्षें उशाशीं बसून होती. आली नव्हती ती शिकविणारी.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. आपल्याकडेही ही विद्या बहुतांशीं मिशनच्या वाटेनेंच आली. कोंकणांत स्कॉटिश मिशनऱ्यांनीं १८२३ पासून बाणकोटास काम आरंभिलें होतें; मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनची मुलींची शाळा १८२४ मध्यें निघाली; १८२७ मध्यें सिंथिया फॅरार या बाई मुंबईस आल्या व पुढें अहमदनगरास गेल्या. सावित्रीबाई फुले यांनीं ज्या शिक्षिकांपासून अध्यापनाचे धडे घेतले त्यांत या फॅरारबाई होत्या. अशा शाळांतून वाचन, लेखन आणि हिशेब यांबरोबर सुईचें काम शिकवीत. त्यामागें दोन हेतु होते. एक, 'मुलगी शिकून काय करणार?' असें विचारणाऱ्या आईबापांस दाखवितां येईल असें कांहीं तरी मुलीच्या हातांत असावें; आणि दुसरा, इंग्रज-अमेरिकन घरांत सुशील स्त्रीचें जें चित्र होतें, त्यांत सुई-दोरा होताच.

याच ठिकाणीं या विद्येच्या इतिहासांतील खरा वाद उपस्थित होतो. १८८४ मध्यें पुण्यास मुलींचें हायस्कूल निघालें. तेंच आपलें हुजूरपागेचें विद्यालय. न्यायमूर्ति रानडे प्रभृति मंडळी तिच्या पाठीशीं होती. आमच्या रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं तिच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. मुलींस इंग्रजी आणि उच्च शालेय विषय कशाला? त्यांस घरगुती उपयोगाचें शिक्षण द्यावें, आणि शाळेचे तास घरच्या कामांस सोईचे असावेत, असा त्या टीकेचा रोख होता. उलट आगरकरांचें म्हणणें असें कीं, स्त्रियांस पुरुषांप्रमाणेंच आणि पुरुषांच्या बरोबरच शिक्षण मिळावें. या वादांत सुई ही एका पक्षाची निशाणी बनली. ज्यांस मुलींच्या हातून पुस्तक काढून घ्यावयाचें होतें ते तिच्या हातांत सुई देऊं पाहात. आणि ज्यांस पुस्तक द्यावयाचें होतें त्यांस सुईचा संशय येऊं लागला. लोकमान्यांविषयीं माझ्या मनांत रत्नागिरीकराचा सारा अभिमान आहे. तरी या प्रश्नांत आगरकर बरोबर होते, असें मला वाटतें. भूमितीऐवजीं मोजे, हा सौदा अन्यायाचाच होता.

परंतु वाद एवढ्यावर संपत नाहीं. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. देवरुखच्या गोदूबाई ही बालविधवा त्याच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींपैकीं होय. १८९३ मध्यें तिच्याशीं विवाह करणारे धोंडो केशव कर्वे मुरुडचे. म्हणजे दोघेंही आमच्याच जिल्ह्याचीं. कर्व्यांनीं १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढला. १९०९ मध्यें रमाबाई रानडे आणि देवधर यांनीं पुण्यास सेवासदन स्थापिलें. तेथें प्रौढ स्त्रियांसाठीं शिवणाचे वर्ग होते, तसेच शिक्षिका आणि परिचारिका होण्याचें शिक्षणही होतें. या संस्थांत सुईचा अर्थ बदलला. ज्या विधवेस सासरीं-माहेरीं कोठेंच हक्काचा घांस नव्हता, तिच्या दृष्टीनें सुई ही अलंकाराची कला नव्हती. ती चार आणे मिळविण्याची वाट होती. शिवाय येथें सुई पुस्तकाच्या ऐवजीं आलेली नव्हती, पुस्तकाच्या शेजारीं आलेली होती. विद्या तीच, तिच्या शेजारीं काय ठेवलें आहे, यावरून तिचें मोल ठरलें.

विसाव्या शतकांतील युद्धांनीं या विद्येस आणखी एक काम दिलें. रत्नागिरी आणि सातारा हे जिल्हे मराठा पलटणींच्या भरतीचे जुने आगर. दुसऱ्या महायुद्धांत या पलटणी इटलींत लढल्या. १० जुलै १९४४ रोजीं नाईक यशवंत घाडगे यांनीं, आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं शिपाई नामदेव जाधव यांनीं तेथें व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे यांना तो मरणोत्तर लाभला. या दोन तारखांच्या मध्यें इटलींतील एक अख्खा हिवाळा आहे. तो ॲपेनाइन्सच्या डोंगरांत बर्फांत आणि चिखलांत काढणाऱ्यांमध्यें, ज्यांनीं त्यापूर्वीं पांढरें म्हणून फक्त मीठ आणि तांदूळ पाहिले होते असे कोंकणी तरुण असलेच पाहिजेत. उबेचा प्रश्न अशा रीतीनें बर्फ नसलेल्या घरांच्या दारांत येऊन उभा राहिला होता.

तो घरांत शिरला १९६२ मध्यें. २० ऑक्टोबर रोजीं चीननें हल्ला केला. मैदानांतून घाईघाईनें वर चढविलेल्या आपल्या कित्येक जवानांच्या अंगावर सुती कपडे आणि पायांत कॅनव्हासचे बूट होते, आणि सेलाची खिंड जवळजवळ चौदा हजार फुटांवर आहे. त्या वर्षींची दिवाळी युद्ध चालू असतांनाच आली. १८ नोव्हेंबरला लडाखांत रेझांग ला येथें कुमाऊं पलटणीची एक तुकडी जवळजवळ शेवटच्या मनुष्यापर्यंत लढली. २१ नोव्हेंबरला चीननें एकतर्फी युद्धबंदी केली, आणि त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. या दिवसांत देशभर स्त्रियांनीं अंगावरचे दागिने संरक्षण निधीस दिले, आणि गांवोगांवीं जवानांसाठीं स्वेटर, गळपट्टे, कानटोप्या व मोजे विणले जाऊं लागले.

माझ्या मातोश्री तेव्हां चौदा वर्षांच्या होत्या. त्यांच्या वर्गांत चाळीस मुली; विणकाम येणारी एकही नाहीं. बर्फ पाहिलेली तर शिक्षिकाही नव्हती. या बाई घाटावरच्या, पुण्यास शिकलेल्या. त्यांनीं शाळा सुटल्यावर वर्ग सुरू केला. लोकर मिळाली, हिरवट खाकी रंगाची. सुया मात्र पुरेनात. तेव्हां एका सायकलवाल्याकडून जुन्या चाकांच्या तारा आणवून मुलींनीं त्या पाट्यावरवंट्यावर घासल्या. पहिला आठवडा नुसते सुलट टाके. दुसरा आठवडा दोन सुलट, दोन उलट. गळपट्टे झाल्यावर चार सुयांवरचे मोजे.

या वर्गांत मिरकरवाड्याकडून येणारी एक मुलगी होती. घरीं जाळीं विणण्याची संवय असल्यामुळें तिचा हात पहिल्याच दिवशीं सर्वांपेक्षां सारखा पडला. धागा किती ओढावा हें तिला सांगावें लागलें नाहीं. पण दर कांहीं घरांनंतर ती बोटाच्या हिसक्यानें एक गांठ मारीत असे. बाईंनीं तें पाहिलें.

"अगं, गांठ मारूं नकोस."

"बाई, सुटेल ना मग."

"नाहीं सुटणार. पुढचें घर त्याला धरून ठेवतें. हा मोजा बुटाच्या आंत जायचा आहे. दिवसभर चालणाऱ्याच्या पायाला ती गांठ टोंचेल."

मातोश्री हा संवाद आजही जशाचा तसा सांगतात. त्या म्हणतात कीं, जवान म्हणजे कोणी फोटोंतला वीर नसून ज्याच्या पायाला गांठ टोंचते असा मनुष्य आहे, हें त्यांना त्या क्षणीं प्रथम समजलें. इतिहासाचा अध्यापक म्हणून मी आजवर युद्धांवर पुष्कळ व्याख्यानें दिलीं. इतक्या थोड्या शब्दांत इतकें शिकविल्याचें मला आठवत नाहीं.

युद्ध महिनाभरांत थांबलें, पण जवान बर्फांतच होते, म्हणून वर्ग माघापर्यंत चालला. मोजे पाठविण्याचा दिवस आला तेव्हां कित्येक मुलींनीं आंत आपल्या नांवाची चिठ्ठी घातली. मातोश्रींनीं घातली नाहीं. त्यांच्या जोडींतील एक मोजा दुसऱ्यापेक्षां बोटभर लांब झाला होता, आणि असल्या कामाखालीं नांव लिहिण्याची त्यांस लाज वाटली. ते मोजे कोठें गेले, कोणाच्या पायांत गेले, किंवा एखाद्या कोठारांतच पडून राहिले, हें कळण्याचा मार्ग त्यांनीं आपल्या हातानें बंद केला. ही हुरहूर त्यांस साठ वर्षांनंतरही आहे. मध्यंतरीं त्यांनीं आळींतल्या किती मुलींस विणकाम शिकविलें त्याची गणति नाहीं, आणि प्रत्येकीस शेवटीं एकच नियम सांगितला: जसें झालें असेल तसें, पण खालीं नांव लिही.

माझी कन्या शिक्षणासाठीं कॅनडांत एडमंटन येथें राहते. तेथें हिवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस-पंचवीस अंश उतरणें ही नवलाची गोष्ट नव्हे. बाजारांत शेंकडों प्रकारचे मोजे मिळत असतां गेल्या हिवाळ्यांत तिला स्वतः विणावेसे वाटलें, आणि तिनें आजीस विचारलें. मातोश्रींची दृष्टि आतां फार अधू झाली आहे. दूरध्वनीच्या पडद्यावरचे टाके त्यांस दिसत नाहींत. म्हणून रोज संध्याकाळीं, तिकडे सकाळ असतां, नात आपलीं घरें मोठ्यानें मोजी, आणि आजी हातांत त्या जुन्या तारा घेऊन इकडे तितकींच घरें घाली. नातीची टांच वळेना तेव्हां आजी स्वतःची टांच वळवून, बोटांनीं चांचपून, कोणत्या घराशीं परत फिरावयाचें तें सांगे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत हा पाठ चालला. मी शेजारीं वर्तमानपत्र घेऊन बसत असें. पुढें पुढें वर्तमानपत्र बाजूस राहिलें, आणि मीही दोन सुलट, दोन उलट शिकलों. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाचे टाके किती गळतात, तें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

एके दिवशीं खिडकीबाहेर बर्फ पडत असतां नातीनें विचारलें, "आजी, तूं कधीं बर्फ पाहिलंस?"

"नाहीं गं," मातोश्री म्हणाल्या, "पण मोजे त्याच्याचसाठीं शिकलें."

मार्चच्या अखेरीस तिची जोडी पुरी झाली. तिनें दोन्ही मोजे शेजारीं शेजारीं धरले आणि खिन्न स्वरानें सांगितलें कीं, एक बोटभर लांब झाला आहे. उसवून पुन्हां करूं कां? मातोश्री थोडा वेळ कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "राहूं दे. तसेच घाल. आणि पायाला कुठें टोंचतें का, तेवढं मला उद्यां सांग."